तपासलेले कापड कोणाच्या अंगावर?

सोलापुरातून टॉवेलचा एक गठ्ठा युरोपला जातो आणि दुसरा तुळजापूर-उमरग्याच्या वाटेने लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावाकडे येतो. पहिल्याबरोबर प्रयोगशाळेचा कागद असतो. या कापडाच्या रंगातून बावीस ठरावीक घातक अमाइन्सपैकी एकही किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटत नाही, अशी हमी त्यावर असते, कारण त्याशिवाय युरोपातल्या बंदरावर तो माल उतरत नाही. दुसऱ्याबरोबर बिल असते, तेही मागितले तर. दोन्ही गठ्ठे एकाच शहरातले, पण एकाला प्रश्न विचारणारे कोणी तरी आहे आणि दुसऱ्याला नाही. कापडाच्या रासायनिक रंगांपासून आरोग्याला धोका आहे की नाही, हा वाद आपल्याकडे घातला जातो तेव्हा हे दोन गठ्ठे कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. एक बाजू म्हणते, रंगीत कापड म्हणजे विष. दुसरी म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या रंगीत लुगडी नेसली, कुणाला काय झाले? माझे म्हणणे असे की धोका खरा आहे, पण तो सगळ्या कापडांत सारखा वाटलेला नाही. जिथे कोणी तपासत नाही तिथे तो साचतो, आणि न तपासलेले कापड नेमके सगळ्यात स्वस्त घेणाऱ्याच्या अंगावर येते. भीती पसरवणारे आणि बेफिकीर, दोघांच्याही बोलण्यात ही गोष्ट निसटते, म्हणून दोघांचाही समाचार घेणे भाग आहे.

आधी भीतीचा. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत 'साडीमुळे कर्करोग' ही ओळ नवीन नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला जोर चढला, कारण 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेवर वर्षानुवर्षे घासून पडलेल्या जखमेत त्वचेचा कर्करोग झाला होता. एक परकराची नाडी करकचून बांधत असे, तर दुसरी परकराशिवाय लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसत असे. बातम्यांच्या मथळ्यांनी साडीला आरोपी केले आणि पुढच्या संदेशांत साडीचा रंग आला. मूळ लेखात दोष आहे तो घर्षणाचा, सततच्या दाबाचा आणि न भरणाऱ्या जखमेचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच अशा प्रकारच्या 'धोतराच्या कर्करोगा'चे वर्णन केले होते. पांढऱ्याशुभ्र धोतराला कसला आला आहे रंग? तेव्हा या विकारावर उपाय नाडी सैल करणे, ती रुंद पट्ट्याची घेणे आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवणे हा आहे. रंगाच्या नावाने बोटे मोडून त्या दोन स्त्रियांचे काहीही भले झाले नसते. शिवाय 'केमिकलचा रंग' असा एक रंगच नाही. १९५६ साली बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. नीट रंगवून नीट धुतलेल्या सुती कापडातून ते फारसे सुटत नाहीत. व्हॅट रंग धाग्याच्या आत न विरघळणाऱ्या रूपात बसतात. या सगळ्यांना एकाच माळेत ओवले की खरा गुन्हेगार गर्दीत सुखाने उभा राहतो.

तो गुन्हेगार कोण, हे ओळखायला थोडे रसायनशास्त्र लागते. आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ॲझो कुळातले आहेत. दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधाने त्यांचे दोन भाग जोडलेले असतात आणि त्या जोडामुळेच त्यांना रंग येतो. बहुसंख्य ॲझो रंगांपासून काही भय नाही. पण काहींचा हा जोड तुटला की त्यातून बेंझिडीन, २-नॅफ्थिलअमाइन, ऑर्थो-टोल्युइडीन यांसारखी अरोमॅटिक अमाइन्स बाहेर पडतात आणि ती मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, कर्करोगाला कारण होतात. शरीरात हा जोड तुटतो का, अशी शंका घेणाऱ्याने औषधांचा इतिहास पाहावा. प्रॉन्टोसिल हे १९३५ साली जाहीर झालेले जंतुविरोधी औषध म्हणजे एक लाल ॲझो रंग होता. तो परीक्षानळीत जंतूंना मारत नसे, शरीरात मात्र मारी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी त्याचे कारण शोधले तेव्हा कळले की शरीर त्या रंगाचा ॲझो बंध तोडते आणि त्यातून सुटणारे सल्फानिलमाइड हे खरे औषध असते. प्रॉन्टोसिलच्या शोधाबद्दल गेर्हार्ड डोमाक यांना १९३९ चे नोबेल जाहीर झाले. ज्या तोडफोडीने असंख्य माणसांना जीवदान दिले तीच तोडफोड बेंझिडीनच्या रंगात घडली की विष सुटते. आतड्यातले जंतू हे काम करतात, यकृत करते आणि त्वचेवरचे जंतूही काही प्रमाणात करतात.

पुरावा कारखान्यांतून आला आणि तो जुना आहे. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली फ्युक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण नोंदवले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ॲनिलिन कारखान्यांतल्या याच आजारावर स्वतंत्र अहवाल काढला. इतके झाल्यावरही ब्रिटनने बेंझिडीनला आवर घालायला १९६७ साल उजाडले. पण माझ्या मते या सगळ्यांपेक्षा बोलका दाखला क्योटोचा आहे. जपानच्या या शहरातले रेशमी किमोनो रंगवणारे कारागीर कुंचल्याचे टोक जिभेने ओले करून टोकदार करत. ओ. योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली त्यांच्यातल्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले आणि संशय बेंझिडीनच्या रंगांवर गेला. हे लोक रंग तयार करत नव्हते, वापरत होते. तयार रंग सुरक्षित, धोका फक्त तो बनवताना, ही कारखानदारांची आवडती सबब तिथेच निकालात निघाली. भारताचा दाखला हवा असेल तर अहमदाबादचा आहे. तिथल्या कामगारांवरचा अभ्यास १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. थेट बेंझिडीन हाताळणाऱ्यांच्याच नव्हे तर बेंझिडीनचे रंग हाताळणाऱ्यांच्याही लघवीत त्या विषाचे अंश आणि मूत्रमार्गातल्या पेशींच्या डीएनएवर त्याच्या खुणा सापडल्या. शरीरात गेल्यावर ज्यांचे बेंझिडीन होते असे रंग जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, घातले आहेत. त्या गटात तंबाखूही आहे.

इथे हिशेब चोख ठेवला पाहिजे. रंगाच्या हौदात कोपरापर्यंत हात घालणारा आणि त्याच रंगाचे धुतलेले धोतर नेसणारा यांच्या शरीरात जाणाऱ्या विषाच्या मात्रेत फार मोठे अंतर आहे. कापड घालणाऱ्याच्या त्वचेतून आत जाणारा अंश अगदी थोडा असतो आणि केवळ रंगीत कपडे घातल्याने लोकांना कर्करोग झाला असे दाखवणारा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. मग युरोपने बंदी का घातली? कारण या जातीच्या विषाला 'इथवर चालेल' अशी सुरक्षित पायरी आखता येत नाही, त्याच छटा देणारे बिनविषारी रंग उपलब्ध आहेत आणि कापड चोखणारे तान्हे मूल मात्रेचा हिशेब करत नाही. कापडाचे कोपरे तोंडात घालणे हा तर त्या वयाचा उद्योगच. बाळाच्या मनगटाला आणि कमरेला बांधायचा काळा दोराही याच हिशेबात धरावा लागतो. गडद काळ्यासाठी जगभर वर्षानुवर्षे वापरला गेलेला डायरेक्ट ब्लॅक ३८ हा बेंझिडीनचाच रंग होता. आज तो बंदी यादीत आहे. पण बाजारातल्या काळ्या दोऱ्याच्या रिळावर कोणता काळा आहे हे लिहिण्याची सक्ती कुणावरच नाही.

कर्करोगाच्या भीतीने झाकला जाणारा, पण रोजच्या अनुभवातला त्रास त्वचेचा आहे. इथे गुन्हेगार बदलतो. पॉलिएस्टर रंगवायला डिस्पर्स जातीचे रंग लागतात. ते धाग्याशी जोडले जात नाहीत, त्यात नुसते शिरून बसतात. रंगाई घाईची असली, धुलाई अपुरी असली, छटा गडद असली की ते घामाबरोबर आणि घासण्याबरोबर बाहेर येतात. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे त्यांतले कुप्रसिद्ध निळे. गडद निळ्या, काळ्या, जांभळ्या कपड्यांत ते लागत. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली वर्षातला लक्षवेधी ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून डिस्पर्स निळ्याचीच निवड केली होती. आता धाराशिवचा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. पारा चाळिशीच्या वर, अंगात सिंथेटिक ब्लाऊज, त्याला स्वस्त अस्तर, खाली पॉलिएस्टर मिसळलेली लेगिंग आणि दिवसभर शेतातले काम. कष्टाच्या कपड्याला मळखाऊ रंग हवा असतो आणि मळखाऊ म्हणजे गडद. ज्यांना जास्त घाम येतो त्यांच्याच अंगावर सगळ्यात गडद आणि सगळ्यात स्वस्त पॉलिएस्टर असते. काखेच्या कडेला, मानेच्या मागे, मांडीच्या आतल्या बाजूला, कमरपट्ट्याखाली लाल चट्टे उठतात, खाज सुटते, कातडी काळवंडते. गावात त्याला नायटा म्हणतात, मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब येते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तोच कपडा अंगात जातो. नायटा खरोखर असेल तर ती ट्यूब तो वाढवते, ॲलर्जी असेल तर नुसती झाकते. कपडा मात्र सुटून जातो.

याला कल्पनाविलास म्हणणाऱ्यांनी अलास्का एअरलाइन्सचे प्रकरण पाहावे. २०११ साली या अमेरिकी विमान कंपनीने हवाई कर्मचाऱ्यांना नवे गणवेश दिले आणि पुरळ, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास अशा तक्रारींची रीघ लागली. कंपनीला पुढे ते गणवेश बदलावे लागले. हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशाआधीच्या आणि नंतरच्या तक्रारी ताडून पाहिल्या, तेव्हा नवा गणवेश आल्यावर त्या वाढल्याचे दिसले. नेमके कोणते रसायन दोषी, हे मात्र न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही. कापडात रंगाच्या जोडीला सुरकुत्या न पडण्यासाठी लावलेली फॉर्मल्डिहाइड सोडणारी राळ, डाग न लागण्यासाठीचे लेप, असे बरेच काही असते आणि ते एकत्रित काम करते. जपानने तान्ह्या बाळांच्या कपड्यांतल्या फॉर्मल्डिहाइडवर १९७३ च्या कायद्याने मर्यादा घातली, ती याच शहाणपणातून. जिथे संघटना आहे, वकील आहे, विद्यापीठ आहे तिथे त्रास निदान नोंदला तरी गेला. सास्तूरच्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा कुठल्याही ग्रामीण रुग्णालयापर्यंत चट्टे घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर कपड्याची जात, रंग आणि तो नवा की जुना हे लिहिण्याची पद्धत आपल्या आरोग्यव्यवस्थेत नाही.

आणि म्हणूनच 'आजवर कुणाला काय झाले' या युक्तिवादात दम नाही. नोंदच नसेल तर झालेले दिसणार कसे? मूत्राशयाचा कर्करोग विषाशी संबंध आल्यावर वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर माणसाने गाव सोडलेले असते, काम बदललेले असते आणि तंबाखू खात असेल तर सगळा दोष तिच्यावर टाकून फाईल बंद होते. 'आजवर झाले नाही म्हणजे होणार नाही' या वाक्याची किंमत सास्तूरला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारी-सास्तूरचा हा सारा पट्टा सरकारी नकाशावर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. जमीन हलली आणि माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली, माळवदांखाली गेली. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच मानकातून काढून टाकण्यात आला. भूकंपाची आणि रंगाच्या चट्ट्याची तीव्रता एक नाही, हे सांगायला नको. साम्य आहे ते तर्काच्या चुकीत. नोंदींचा अभाव म्हणजे धोक्याचा अभाव, असे मानण्याची चूक.

पुढचा आक्षेप कारखानदारी वर्तुळात ऐकू येतो आणि तो जास्त चलाख आहे. ॲझोबंदी हे पाश्चात्त्यांचे व्यापारी कारस्थान होते, आपला माल अडवायला काढलेली भिंत होती, असे म्हणतात. जर्मनीने १९९४ साली बंदी जाहीर केली तेव्हा आपल्या निर्यातदारांत खळबळ उडाली हे खरे आहे, आणि त्या बंदीत युरोपच्या उद्योगाचा स्वार्थ मुळीच नव्हता असे मीही म्हणणार नाही. पण स्वार्थी माणसाने आग लागल्याचे सांगितले म्हणून आग खोटी ठरत नाही. शिवाय भारत सरकारने स्वतः पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आधी बेंझिडीनच्या बेचाळीस रंगांवर आणि १९९७ साली आणखी सत्तर ॲझो रंगांवर बंदी घातली. बाहेरून येणाऱ्या कापडात हे रंग नसल्याची अटही आयात धोरणात आहे. म्हणजे परदेशात जाणाऱ्या कापडाला चाळणी, परदेशातून येणाऱ्याला चाळणी, आणि इथेच रंगून इथेच विकल्या जाणाऱ्या कापडाला कायद्याच्या पुस्तकातला एक परिच्छेद. 'कायदा आहेच की' म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारावा: दुधात भेसळ वाटली तर अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक नमुना घेऊ शकतो, मग बाळाच्या टोपड्याचा रंग पाण्यात लाल होऊन सुटला तर गिऱ्हाइकाने कुणाचे दार ठोठवायचे? कापडावर धागा कोणता हे छापावे लागते, रंग कोणता हे नाही. १९९१ साली केंद्राने 'इकोमार्क' काढला. मडक्याचे चिन्ह, यादीत कापडही. ऐच्छिक असल्याने ते मडके बाजारात जवळपास कुणाच्या दृष्टीस पडले नाही.

मग नैसर्गिक रंगांकडे वळा, असे सांगणारे एक सुसंस्कृत मंडळ आहे. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण हे उत्तर सास्तूरच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे नाही. नैसर्गिक रंगांची परंपरा याच मुलखाची आहे. सोलापूर-नगर भागातले निराळी नीळ रंगवत, वऱ्हाडात आलीच्या मुळांचा लाल रंग निघे आणि धाराशिव-सोलापूरच्या रब्बीत आजही दिसणाऱ्या करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी रंग काढला जाई. त्या पाकळ्यांत लाल कार्थामिन असते अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि ते उन्हाने उडते, साबणाने उतरते. रोजच्या कष्टाच्या लुगड्याला तो रंग पुरा पडावा एवढी करडई पेरायची तर ज्वारी कुठे लावायची? जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६९ च्या सुमारास मंजिष्ठाच्या कुळातला अलिझारिन प्रयोगशाळेत बनवला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा जुन्या रंगाऱ्यांचा धंदा बुडाला तो कुणा दुष्टाच्या कटाने नव्हे. गरिबालाही पक्का, गडद, न विटणारा रंग परवडू लागला म्हणून बुडाला. ही लहान गोष्ट नव्हती आणि ती उलटवण्याची मागणी बहुधा ज्यांच्या कपाटात दहा साड्या असतात तेच करतात. दुसरे असे की 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' ही अंधश्रद्धाच आहे. युरोपी मंजिष्ठाच्या मुळात ल्युसिडिन नावाचे पेशींच्या जनुकांना इजा करणारे द्रव्य सापडले आहे. रंग धरावा म्हणून काही ठिकाणी मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरतात, आणि त्यांचे सांडपाणी तितकेच घातक असते. हाताने रंगवलेला महागडा खण ज्यांना आवडतो त्यांनी जरूर घ्यावा. सार्वजनिक आरोग्याचा तोडगा म्हणून तो पुढे करू नये.

अंगावरच्या कपड्याविषयी इतके लिहूनही मला वाटते की सर्वाधिक हानी ज्यांची होते ते गिऱ्हाईक नाहीतच. रंगाईघरात पावडर तोलणारा, उकळत्या हौदातून सुताच्या लडी उलटणारा, हातमोज्याशिवाय आणि मुखपट्टीशिवाय काम करणारा मजूर पहिला. रिॲक्टिव्ह रंग कपड्यात निरुपद्रवी ठरतात, पण त्यांची कोरडी भुकटी श्वासात गेली की दमा जडतो, हे व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्रात प्रस्थापित आहे. नॅफ्थॉल रंगाईत गडद मरून छटेसाठी वापरला जाणारा गार्नेट जीबीसी बेस हा तर बावीस अमाइन्सच्या यादीतलाच एक पदार्थ. गिऱ्हाइकाच्या अंगावर त्याचा अंश येतो, रंगाऱ्याच्या हातात तो अख्खा असतो. दुसरी हानी नदीची. इचलकरंजीच्या प्रक्रिया उद्योगाचे आणि पंचगंगेचे भांडण महाराष्ट्राला परिचित आहे. पण तिथेही दोषारोप मोजून करावा. २०१२ साली इचलकरंजीत पसरलेली कावीळ रंगाची नव्हती. ती मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने झालेली हिपॅटायटिस ई ची साथ होती. रंगाचे पाप रंगाच्या आणि मैल्याचे नगरपालिकेच्या खात्यावर लिहिले तरच दोन्ही वसूल होतील. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झालेली दिसली आणि देशभर छायाचित्रे झळकली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तातडीने कारवाई केली. कुत्री निळी झाली म्हणून प्रशासन हलले. बेंझिडीनने लघवीची पिशवी निळी होत नाही.

उरतो तो खर्चाचा आक्षेप आणि तो मी हलका मानत नाही. यंत्रमागाचा धंदा सुताच्या भावावर, विजेच्या दरावर आणि उधारीवर लटकलेला असतो. त्यात आणखी एक तपासणी लादली तर लहान रंगाईघरे बंद पडतील, असे म्हणतात. तिरुपूरचा दाखला देतात: नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तिथली रंगाईघरे बंद करायला लावली आणि हजारोंचा रोजगार गेला. पण तिरुपूर हे उशिरा जागे होण्याचे उदाहरण आहे. वर्षानुवर्षे काहीच न करता शेवटी न्यायालयाचे कुलूप ओढवून घेतले की असे होते. ॲझोबंदीची हकिकत याच्या उलट आहे. १९९० च्या दशकात निर्यात बुडणार अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात रंग बदलले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, वस्त्र समितीने चाचण्या सुरू केल्या आणि निर्यात चालू राहिली. म्हणजे पर्यायी रंग आहेत, ते वापरण्याचे कौशल्य आहे, तपासणारी यंत्रणाही आहे. नाही ती फक्त देशी गिऱ्हाइकाच्या वतीने मागणी करणारी व्यक्ती. चाचणी प्रत्येक कपड्याची करायची नसते, रंगाच्या एका लॉटची करायची असते. तिचा खर्च हजारो मीटरवर पसरला की मीटरमागे नगण्य उरतो.

ती मागणी करण्याची पहिली जबाबदारी माझ्या मते एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाची नाही. त्याने करायचे ते थोडे आहे. नवा गडद कपडा घालण्यापूर्वी दोनदा धुवावा, रंग सुटतच राहिला तर तो थेट अंगाला लागेल असा घालू नये, चट्टे कपड्याच्या कडेशी जुळत असतील तर डॉक्टरांना तो कपडाच दाखवावा. तान्ह्याला जुन्या सुती लुगड्याची बाळुती आणि दुपटी वापरण्याची चाल चालू ठेवावी, कारण शेकडो धुलाया सोसलेल्या कापडात सुटायला फारसे काही उरलेले नसते. पण हे सगळे घरगुती सावधपण झाले, आणि धोरणातली उणीव घरातल्या बाईच्या धुण्याने भरून काढायची ही आपली जुनी खोड आहे. मोठे गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाखाली अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला एक साडी मिळते, यंत्रमाग महामंडळाच्या मार्फत, रेशन दुकानातून. गरिबांतल्या गरिबाच्या अंगावरचे कापड जेव्हा राज्य स्वतः विकत घेते, तेव्हा 'बाजारावर आमचे नियंत्रण नाही' ही सबब उरत नाही. त्या साडीच्या प्रत्येक लॉटचा ॲझो आणि फॉर्मल्डिहाइड चाचणीचा अहवाल, हँबर्गला जाणाऱ्या टॉवेलबरोबर असतो तसाच, रेशन दुकानाच्या भिंतीवर लावता येतो. शाळेच्या गणवेशाचेही तेच. २०२४ मध्ये राज्यभर एकच गणवेश देण्याचा प्रयोग कापडाच्या दर्जावरून फसला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. सास्तूरच्या शाळेच्या समितीने कापड ठरवताना पुरवठादाराकडे मीटरचा भाव, धाग्याची जात आणि रंगाचा चाचणी अहवाल हे तिन्ही कागद एकदम मागावेत. त्यासाठी मुंबईहून कुठल्याही नव्या शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.